‘तोल जाऊन पडला’ : एका वाक्याची चिकित्सा

बांधकामावरील मृत्यूची बातमी आपल्याकडे एकाच साच्यातून निघते : ‘परांचीवरून तोल जाऊन मजुराचा दुर्दैवी मृत्यू’. व्याकरण शिकवणाऱ्यांनी या वाक्यात जबाबदार माणूस शोधून दाखवावा. तोल मजुराचा जातो, दैव रुसते. कठडा न लावणारा, जाळीचा खर्च वाचवणारा वाक्यात कोठेच नसतो. ही केवळ शैलीची ढिलाई नव्हे. हे जबाबदारी लपवणे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

सुरक्षाशास्त्राचा क्रम स्पष्ट आहे. आधी धोकाच टाळावा, मग कठडे व जाळ्या लावाव्यात, पट्टा आणि हेल्मेट शेवटी. आपण शेवटच्या पायरीवरच उभे राहून ‘हेल्मेट नव्हते’ म्हणतो आणि मृतावर ठपका ठेवतो. पट्टा अडकवायला भक्कम आधारच नसेल, तर तो पट्टा कशाला?

मजूरच निष्काळजी असतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळून १५ जण गेले, त्यांत मुलेही होती. त्यांचा तोल गेला नव्हता. ते झोपले होते. ऑगस्ट २०२३च्या प्रारंभी शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारी यंत्रणा मध्यरात्री कोसळली. २० जणांचा बळी गेला. तेथे कोणाचे हेल्मेट पुरे पडले असते? आणि उक्त्या कामात दाम उरकण्याला मिळतो, सावधपणाला नाही. ही घाई मजुराचा स्वभाव नव्हे, कंत्राटाची अट आहे.

१९९६च्या कायद्याने सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांच्या कामावर सक्तीचा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने ती संख्या २५० केली. सुधारणा खरीच. पण तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, मुंबई-आग्रा रस्त्यावरील सोनगीरसारख्या गावात घर उभे राहते ते एक गवंडी आणि चार बिगाऱ्यांच्या बळावर. दहापेक्षा कमी माणसांच्या कामापर्यंत हे कायदे सहसा पोहोचतच नाहीत. कायदा ज्याला मोजत नाही, त्यालाच बातमी दोषी ठरवते.

आणि आपण? नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) शिकवून आपण कामगारजाणिवेवर टिपा लिहवून घेतो. गिरणी कामगाराला मराठी साहित्यात जागा मिळाली. दर काही महिन्यांनी साइट बदलणारा, बहुधा परभाषक मजूर अजून बाहेरच आहे. भाषेचे अभ्यासक म्हणवणाऱ्यांनी निदान एवढे करावे : उद्याच्या तासाला हीच बातमी फळ्यावर लिहावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे, कठडा कोणी लावला नाही?