खडक राखला एकानं, मासे गेले कुणाच्या जाळ्यात?



पाझर तलावाची पहिली ग्रामसभा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ज्याची जमीन बुडणार असते तो गडी उठून म्हणतो, "माझी दोन एकर जाणार आणि पाणी वाढणार खालच्या विहिरींना. ऊस लावणार ते. मग मी का म्हणून सही करू?" सभा गप्प होते, कारण त्याचं म्हणणं खोटं नसतं. जमिनीखालचं पाणी कुठं किती गेलं हे कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावरून भांडण फार लवकर पेटतं.

असंच एक भांडण समुद्रात आहे. तिथं पाण्याच्या जागी माशांची पिल्लं आहेत, एवढाच फरक. तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू माणसं, आम्हांला समुद्राचं काय? पण मामला शेवटी बियाण्याचाच आहे, तेव्हा ऐका.

उष्ण देशांतल्या उथळ, स्वच्छ समुद्रात पोवळ्याचे बारीक जीव वसाहत करून राहतात. चुन्याची घरं बांधतात, घरावर घर चढत जातं, आणि हजारो वर्षांत त्याचा मोठा खडक होतो. हा प्रवाळखडक म्हणजे माशांचं भरलेलं गावच. या गावचा मोठा मासा मोठा घरकोंबडा असतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा तर एका समुद्रफुलाच्या आसऱ्यानं सारा जन्म काढतो. अंडी तिथंच शेजारच्या दगडावर, आणि त्यांची राखण नर करतो. (बाईमाणसांनी हे आपापल्या घरी वाचून दाखवायला हरकत नाही.)

पिल्लांची तऱ्हा मात्र उलटी. शेततळ्यात कटला-रोहू सोडणाऱ्यांना मत्स्यजिरे आणि बोटुकली हे शब्द पाठ आहेत. खडकावरच्या बहुतेक माशांचं जिरं अंड्यातून बाहेर पडलं की खडक सोडून भर समुद्रात निघून जातं. कुणाचं दहा-बारा दिवस, कुणाचं महिनाभर, कुणाचं त्याहून जास्त. त्यातलं बहुतेक वाटेतच कुणाच्या तरी पोटात जातं. जे उरतं ते वाढून एखाद्या खडकावर उतरतं आणि मग जन्मभर तिथलंच होतं.

पण कुठल्या खडकावर? खरी मेख इथंच आहे.

साधारण १९९० सालापर्यंत बहुतेक जाणकारांची समजूत अशी होती की हे जिरं म्हणजे उफणणीतला भुसा. वारा नेईल तिकडं, म्हणजे प्रवाह नेईल तिकडं, शेकडो किलोमीटर. हे खरं मानलं, तर ज्या गावानं पोटाला चिमटा घेऊन आपला खडक राखला त्याच्या हाती काय राहिलं? मासे वाढले, अंडी घातली, आणि पिल्लं गेली कुण्या परक्या बेटाच्या जाळ्यात. असं असेल तर खडक राखायला सांगणाऱ्याला कोळ्यांनी दारात उभं का करावं?

तेव्हा आधी पिल्लाचा माग काढायला हवा होता. काही मिलिमीटरचा जीव, अंगावर चिठ्ठी तरी कुठं बांधणार? वाट सापडली ती माशाच्या कानात. माशाच्या डोक्यात कानाच्या जागी चुन्याचे खडे असतात. झाडाच्या बुंध्यात वर्षाचं एक वलय पडतं, तसं पिल्लाच्या या खड्यात रोजचं एक वलय पडतं. वलयं मोजली की पिल्लाचं वय दिवसांत कळतं, आणि खड्याच्या गाभ्यात त्याच्या जन्मवेळची नोंद राहते. बारशाची तारीख कानातच लिहिलेली.

ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर लिझर्ड नावाचं बेट आहे. तिथं संशोधकांनी एका लहान माशाची अंडी खडकाला चिकटलेली असतानाच टेट्रासायक्लीनच्या पाण्यात भिजवली. हो, आपल्या गुरांच्या दवाखान्यात असतं तेच औषध. त्याची खूण कानाच्या खड्यात बसते आणि खास प्रकाशात चमकते. अशी एक कोटीहून जास्त अंडी त्यांनी खुणावली. मग बेटाजवळ उतरलेली पाच हजार पिल्लं पकडून खडे तपासले. खूण निघाली पंधरांत.

पंधरा म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण हिशेब पुढं आहे. बेटावरच्या सगळ्या अंड्यांपैकी जेमतेम अर्धा ते दोन टक्के अंड्यांनाच खूण केलेली होती. त्या प्रमाणात मांडलं तर शंभरातली १५ ते ६० पिल्लं घरच्याच बेटावर परतली होती. हे १९९९ साली छापून आलं आणि भुशाची समजूत तिथंच डळमळली.

पुढचं काम पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात झालं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला हा देश आहे. किंबे बेटाभोवतीचा राखीव खडक अवघा पाऊणशे एकरांचा, आपल्याकडच्या एखाद्या बड्या बागायतदाराच्या जमिनीएवढा. इथं अंड्यांच्या मागं न लागता आयांनाच खूण केली. विदूषक माशाच्या आणि फुलपाखरू माशाच्या तीनशेच्या आसपास माद्यांना बेरियम धातूच्या एका निरुपद्रवी, दुर्मीळ प्रकाराची सुई टोचली. आईच्या अंगातून तो अंड्यात उतरला आणि पिल्लाच्या कानातल्या खड्यात जाऊन बसला. निकाल २००७ साली आला. त्या खडकावर उतरलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के तिथंच जन्मलेली होती, दोन्ही जातींत. विदूषकाचं जिरं समुद्रात अकराएक दिवस राहतं, फुलपाखराचं महिन्याहून जास्त. एवढे दिवस भर समुद्रात काढून पाऊणशे एकरांचं घर पुन्हा सापडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

सापडतं कसं? तर जिरं हे निव्वळ भुसा नाही. मोठं होत आलेलं पिल्लू प्रवाहाविरुद्ध पोहू शकतं. त्याला ऐकूही येतं. प्रवाळखडक गप्प नसतो, तिथल्या कोळंब्या चुलीतल्या लाकडासारख्या तडतडतात आणि मासेही आवाज काढतात. लिझर्ड बेटाजवळ मेलेल्या पोवळ्याचे लहान ढीग रचून काहींवर या आवाजाचं ध्वनिमुद्रण रात्री वाजवलं, तर मुक्या ढिगांपेक्षा बोलक्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली. जत्रेत चुकलेलं पोर नगाऱ्याच्या रोखानं देवळाकडं येतं, त्यातलाच प्रकार.

आता कोळ्याच्या प्रश्नाकडं येतो. विदूषक आणि फुलपाखरू दिसायला छान, पण त्यांचं कालवण कोण करतो? पोट भरतं ते गोब्र्यावर. कोकणात ज्याला गोब्रा किंवा हेकरू म्हणतात, त्या जातकुळीतला एक मासा पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर खाल्ला आणि विकला जातो. त्या भागात समुद्रालासुद्धा सातबारा असल्यासारखा आहे. कुठला खडक कुठल्या जमातीचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. हा मासा वर्षातल्या ठरावीक दिवसांत ठरावीक जागी अंडी घालायला गोळा होतो, आणि तेव्हा कोळ्यांची चंगळ असते. दाण्यात भरत आलेलं पीक ओंबीसकट ओरबाडून न्यावं, तशी ही चंगळ. २००४ साली एका जमातीनं आपल्या हद्दीतल्या अशा जागेचा काही भाग बंद केला. शेजारच्यांचे खडक उघडेच होते.

मग तिथल्या कोळ्यांनीच संशोधकांना मदत केली. जमलेले चारशेच्या वर मोठे मासे गळानं धरले, परांचा इवला तुकडा कापून घेतला, मासे सोडून दिले. पुढं आसपासच्या खडकांवरून शेकडो पिल्लं गोळा केली आणि कुणाचं पिल्लू कुठल्या आईबापाचं हे डीएनए तपासून लावलं. २०१३ साली निकाल आला. अर्धी पिल्लं जन्मस्थळापासून १४ किलोमीटरच्या आत उतरली होती. राखणाऱ्या जमातीच्या स्वतःच्या खडकांवर आलेल्या नव्या पिल्लांपैकी साधारण पाचवा हिस्सा त्या एका जागेनं दिला होता. बाकीची शेजाऱ्यांच्या हद्दीत गेली.

म्हणजे दोघांचंही खरं निघालं. पाणी आपल्या विहिरीलाही येतं आणि खालच्या विहिरीलाही जातं. ही गोष्ट तिथल्या लोकांना पटली, आणि शेजारच्या जमातींनी मिळून नियम ठरवायला सुरुवात केली. माझ्या मते या सगळ्या संशोधनातलं हेच खरं पीक. हिशेब दिसला की माणूस भांडायचा थांबतो असं नाही, पण निदान योग्य आकड्यावरून भांडतो.

ऑस्ट्रेलियातही पडताळा आला. २००४ साली ग्रेट बॅरिअर रीफच्या राखीव क्षेत्राचा एक तृतीयांश भाग मासेमारीला बंद झाला, तेव्हा कोळी चिडले होते. २०१२ साली तिथल्या केपल बेटांचा हिशेब निघाला. गोब्रा आणि तांबोशी यांच्या जातींतल्या माशांबद्दलचा तो हिशेब होता. राखीव खडक होते शंभरात २८, पण तीस किलोमीटरच्या टापूत उतरलेली निम्मी पिल्लं या २८ मधून आलेली होती. याचं कारण बियाणं निवडणाऱ्या बाईला लगेच कळेल. राखीव जागी मासे नुसते जास्त नसतात, मोठेही होतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या तांबोशीची ६१ सेंटिमीटरची एक मादी ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्यांएवढी अंडी देते, असा जुना हिशेब आहे.

यावरून राखीव खडक कसे आखावेत याचे ठोकताळे बसले आहेत. राखीव पट्टा तिथला मोठा मासा जेवढा फिरतो त्याच्या किमान दुप्पट हवा, नाहीतर चरायला गेलेलं जनावर बांधापलीकडं कापलं जातं. दोन राखीव जागांत अंतर एक ते पंधरा किलोमीटर, आणि जागा लहान असतील तर त्या अधिक जवळ. माशांच्या वस्तीचा २० ते ४० टक्के भाग राखावा. अंडी घालायच्या जागा त्यात आल्याच पाहिजेत. एकच भलं मोठं कुरण राखून भागत नाही. समुद्राचं पाणी तापलं की पोवळी पांढरी पडून मरतात, ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं हे झालं. राखीव असल्याची पाटी पाहून ऊन मागं फिरत नाही. म्हणून सगळं बियाणं एका कणगीत ठेवायचं नाही.

आपल्याकडंही पोवळी आहेत, मालवणच्या समुद्रात. १९८७ साली तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आमचं पोट बंद करून कुणाचं भरणार, हा त्यांचा सवाल मानुसच्या कोळ्यांहून वेगळा नव्हता. त्याचं उत्तर कायद्याच्या कागदात नसतं. ते कानातल्या खड्यात आणि परांच्या तुकड्यात शोधावं लागतं, आणि शोधताना कोळ्याला होडीत बरोबर घ्यावं लागतं.

तो खडा तुम्हांलाही पाहता येईल. बाजारातून ढोमा आणलात तर डोकं टाकून देऊ नका. उकडून फोडलंत की आत पांढरे, गुळगुळीत दोन खडे सापडतील. वलयं डोळ्यांना दिसणार नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. शाळेत असेल तर पोरांना खडा घेऊन मास्तरांकडं पाठवा. आधी तो नीट घासून पातळ करावा लागतो, तेवढं मास्तरांना सांगून ठेवा.