एकच पेठ, दोन दारे

कापडाच्या घाऊक दुकानात दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती. संगणकावर बिल तयार होत होते. छपाईयंत्रातून कागद मात्र बाहेर येत नव्हता. इंटरनेट सुरळीत होते, त्यामुळे जोडणीवर कोणाचा संशय गेला नाही. छपाईयंत्र तपासून झाले, केबल बदलून झाली. अखेर बिले हाताने लिहावी लागली आणि रात्री शिल्लक मालाचा मेळ बसेना.

आदल्या रात्री एक लहानशी गोष्ट घडली होती. धाकट्या चिरंजीवांनी नवा वायफाय राउटर आणून बिलाचा संगणक त्यालाही जोडला होता. जुनी केबलही तशीच होती. संगणकाला आता दोन दारे झाली. अशा दारालाच इंटरफेस म्हणतात.

प्रत्येक दाराला आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे म्हणजे पेठ आणि शेवटचा म्हणजे घर क्रमांक. अशा एका पेठेत २५४ उपकरणांना पत्ते देता येतात. १९९६ साली निश्चित झालेल्या संकेतानुसार १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. ते कोणीही विनापरवाना वापरावेत. म्हणूनच अनेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हीच पेठ घेऊन येतात. या दुकानातील जुना आणि नवा, दोन्ही राउटर एकाच पेठेचे निघाले.

मंगळवार पेठ पुण्यात आहे, तशी सोलापुरातही आहे. गावाचे नाव न लिहिता पत्र टाकले, तर ते कोठे पोहोचेल? संगणकाचीही तीच अडचण झाली. त्याच्या मार्गसूचीत एकाच पेठेकडे जाणाऱ्या दोन वाटा नोंदल्या गेल्या. एका पेठेची व्याप्ती लहान असती, तर त्याने अधिक नेमकी वाट निवडली असती. दोन्ही सारख्याच असल्याने त्याने मेट्रिक, म्हणजे वाटेची किंमत पाहिली आणि कमी किमतीची वाट धरली. विंडोजमध्ये ही किंमत सामान्यतः जोडणीच्या वेगावरून आपोआप ठरते. वेगवान वायफायने जुन्या केबलवर मात केली. छपाईयंत्र मात्र केबलच्या बाजूस होते. वायफायचा वेग बदलला की ही निवडही बदलू शकते. म्हणून असा दोष कधी दिसतो, कधी लपतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा करावा, म्हणजे पेठा वेगळ्या होतात. सर्व उपकरणे एकाच पेठेत हवी असतील, तर नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करून जुन्याला केबलने जोडावे. पत्ते वाटण्याचे काम एकट्या जुन्याकडे ठेवावे. घरून व्हीपीएनद्वारे दुकानाचा हिशेब पाहतानाही हीच गफलत होते. यासाठी दुकान, गोदाम आणि घर यांना आरंभीच निरनिराळ्या पेठा द्याव्यात आणि त्या वहीत लिहून ठेवाव्यात.

दोन ग्राहकांची खाती एकाच क्रमांकाने कोणताही व्यापारी उघडत नाही. पत्त्यांच्या बाबतीतही तोच शिरस्ता पाळला, तर ऐन हंगामात गल्ल्यावर ताटकळण्याची वेळ येणार नाही.