छापलेले सोळा अँपिअर

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. सूनबाईंनी इंडक्शनची शेगडी आणि विजेची किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली होती. दोष तिचा नव्हता. बोर्ड मीच मोबाईलवरून मागवला होता, ‘१६ अँपिअर, हेवी ड्यूटी’ असे ठळक अक्षरांत वाचून. शेगडी २००० वॅटची, किटली १५०० ची. २३० व्होल्टने भागले की पंधराच्या किंचित वर अँपिअर होतात. जन्म बँकेत गेलेल्या माणसाने केलेला हिशेब, तो चुकणार कसा?

वायरमन आला. त्याने बोर्ड पालथा केला आणि न बोलता माझ्यापुढे धरला. मागे बारीक उठावाच्या अक्षरांत १० अँपिअर, २५० व्होल्ट! मग त्याने स्क्रू काढले. आत पाऊण चौरस मिलिमीटरची तार. ‘‘काका, ही सहा-सात अँपिअरची. टीव्हीला ठीक आहे.’’ खिशातून लोहचुंबक काढून त्याने सॉकेटमधल्या पट्टीला लावला, तो टपकन चिकटला. पितळेसारखी दिसणारी पट्टी लोखंडाची होती, वरून नुसता मुलामा.

म्हणजे एकाच वस्तूचे तीन आकडे. चेकवर अक्षरी रक्कम एक आणि आकड्यांतली दुसरी असेल, तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे १८८१ च्या कायद्याचे १८ वे कलम सांगते. या बोर्डाचे कोणते खरे धरायचे? माझ्या काउंटरवर असा चेक आला असता तर मी तो शेरा मारून परत केला असता.

विजेचा हिशेब मात्र आमच्या व्याजाच्या हिशेबाहून निर्दय असतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. सात अँपिअरच्या तारेतून पंधरा नेले, तर काय होईल ते आमच्या ओट्याने पाहिले. ‘‘पण एमसीबी पडला कसा नाही?’’ मी विचारले. त्याचे उत्तर माझ्या चांगले लक्षात राहिले. तो एमसीबी भिंतीतल्या तारेची राखण करतो, आणि तो सोळाचा आहे. पंधरा अँपिअर त्याच्या लेखी अगदी रीतसर व्यवहार. बाहेर लोंबणारी तार किती बारीक आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. सैल पट्टीची गोष्ट तर त्याहून वाईट. तिथे प्रवाह न वाढताही सांधा तापत राहतो.

आमच्या लहानपणी घरात पाच अँपिअरचा आणि पंधराचा, असे दोनच प्लग असत. आता ते सहा आणि सोळा झाले. जाड पिनांचा बारीक भोकांत जायचाच नाही; त्या अडवणुकीतच शहाणपण होते. हल्लीच्या ‘युनिव्हर्सल’ सॉकेटात कोणताही प्लग जातो, आणि आपण मानतो की गेला म्हणजे चालला.

प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा, सीएम/एल ने सुरू होणारा, क्रमांक असतो. मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो घालून परवाना कोणाचा, कशाचा, हे पाहता येते. ग्राहकाने ते जरूर पाहावे. पण माझा खरा राग निराळ्या ठिकाणी आहे. जो क्रमांक मी दोन मिनिटांत तपासू शकतो, तो वस्तू दुकानात मांडण्यापूर्वी त्या संकेतस्थळाला तपासता येत नाही? कोपऱ्यावरचा दुकानदारही असला माल विकतो, नाही असे नाही. पण त्याला रोज माझ्यासमोरून जायचे असते.

मी तक्रार केली. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेत्याशी संपर्क साधावा,’ असे उत्तर आले. पैसे यांच्या खात्यात जातात, खोक्यावर नाव यांचे आणि जबाबदारी कोणाची? कर्जाच्या कागदावर सही करून नंतर ‘मी फक्त जामीनदार’ म्हणणारे मी बँकेत पुष्कळ पाहिले. त्यांना आम्ही सोडत नव्हतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचा पत्ता दाखवावा लागतो, तसा तो होता. स्पीड पोस्टाने पत्र धाडले. ‘या पत्त्यावर असे कोणी नाही’ हा शेरा घेऊन ते परत आले.

बोर्ड फेकायला निघालो, तर वायरमनने मागून घेतला. त्याच्याकडे दोन पोरे काम शिकतात, त्यांना दाखवायला हवा म्हणाला.