कंटेनर रस्त्याने घडवला, समुद्राने नव्हे

१/ जागतिक व्यापाराचा इतिहास सांगणारे बहुतेक लेख एकाच चित्राने उघडतात: २६ एप्रिल १९५६, नेवार्क बंदर, आणि ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघालेले ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज. तारीख बरोबर, आकडाही बरोबर. निष्कर्ष मात्र चुकीचा. या घटनेला निव्वळ सागरी क्रांती म्हणणे म्हणजे वरातीतल्या घोड्यालाच नवरदेव समजणे होय. 🧵

२/ जहाजामागचा माल्कम मॅक्लीन दर्यावर्दी नव्हता. नॉर्थ कॅरोलायनातील या माणसाने १९३४ साली एका जुन्या ट्रकवर धंदा मांडला. पुढे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील महामार्ग वाहनांनी तुंबू लागले, तेव्हा ट्रेलरच जहाजावर चढवून कोंडी टाळावी, असे त्याने ठरवले. पण चाकांसकट ट्रेलर नेला तर जहाजातील जागा फुकट जाते. म्हणून चाके धक्क्यावरच ठेवली. उरली ती पेटी. कंटेनर म्हणजे चाकांवरून उचललेला ट्रेलर.

३/ १९३७ मध्ये होबोकेनच्या धक्क्यावर कापसाच्या गासड्या उतरण्याची वाट पाहताना मॅक्लीनला एकाएकी साक्षात्कार झाला, ही गोष्ट समाजमाध्यमांवर फार लाडकी आहे. तिला समकालीन पुरावा नाही, हे इतिहासकार मार्क लेविन्सन यांनी दाखवून दिले आहे. न्यूटनच्या सफरचंदाशेजारी ती शोभेल.

४/ खरा पुरावा पेटीच्या मापात आहे. ‘आयडियल एक्स’वरील पेट्या ३३ फुटी होत्या आणि ते माप जहाजाच्या डेकवरून आले होते, हे मान्य. पण १९५७ च्या ‘गेटवे सिटी’ जहाजासाठी मॅक्लीनने ३५ फूट निवडले, कारण त्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या महामार्गांवर ट्रेलरची कमाल लांबी तेवढीच होती. पश्चिम किनाऱ्यावरील मॅटसन कंपनीने २४ फूट पत्करले. तशा दोन पेट्या एका ट्रकमागे ओढता येत. रुंदी ८ फूट, हीदेखील अमेरिकी महामार्गांचीच मर्यादा. समुद्राला असली बंधने नसतात. आज जगभरची जहाजे ज्या रुंदीच्या पेट्या वाहतात, ती रुंदी रस्त्याच्या कायद्याने ठरवली.

५/ जोडणीचेही तेच. अभियंता कीथ टँटलिंगर याने पेटीच्या कोपऱ्यांत पोलादी खोबणी बसवली आणि तीत शिरून फिरणारा खटका, म्हणजे ट्विस्ट लॉक, घडवला. खालचा ट्रेलर हा नुसता सांगाडा. त्याच्या चार कोपऱ्यांवरचे खटके काटकोनात फिरवले की टनावारी वजनाची पेटी जखडली जाते. खटका नीट बसला नाही, तर वळणावर पेटी उलटते. १९६० च्या दशकात मॅक्लीनच्या कंपनीने या रचनेचे पेटंट खुले केले, म्हणून कोणत्याही देशाची पेटी कोणत्याही देशाच्या ट्रेलरवर बसते. जहाजाच्या फोटोला हजारो लाइक. या खटक्याला एकही नाही!

६/ मात्र मॅक्लीनचा जयजयकार करणेही तितकेच अपुरे. १९५५ मध्ये जहाज कंपनी घेण्यासाठी त्याला ट्रक कंपनी सोडावी लागली, कारण दोन्ही एका हाती ठेवण्यास नियामकांची हरकत होती. मालक असा जहाजाकडे वळला. चालक रस्त्यावरच राहिला.

७/ १९८० च्या मोटर कॅरिअर कायद्याने अमेरिकेत ट्रक वाहतुकीवरील निर्बंध सैल केले. दर घसरले, संघटना खिळखिळ्या झाल्या आणि लॉस एंजेलिससारख्या बंदरांतील असंख्य चालक ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरले. मोबदला खेपेवर, फाटकावर रांगेत गेलेल्या तासांचा बहुधा काहीच नाही. पेटीमुळे जहाजाचा बंदरातील मुक्काम दिवसांवरून तासांवर आला, हे प्रत्येक पुस्तक अभिमानाने सांगते. वाचलेली प्रतीक्षा कोणाच्या माथी गेली, हे सांगणारी पाने मात्र थोडी.

८/ न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने क्रेन आणि जहाजे जरूर मोजावीत. पण आधी उरण-पनवेलच्या रस्त्यावर जावे. तिथे कंटेनर लादलेल्या ट्रेलरांच्या रांगा लागतात आणि चालक चाकांच्या सावलीत स्टोव्हवर भात शिजवत आपला क्रमांक येण्याची वाट पाहतात.