विकत घेतलेला खेळ कोणाचा?

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागले की संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने सुरू होतात. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे या रस्त्याचे अधिकृत नाव. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचे नाव पाटीवरून उतरले, पण गिरगावकरांच्या आणि गिऱ्हाइकांच्या तोंडातून काही उतरले नाही. एकेकाळी हा रस्ता चित्रपटगृहांचा होता. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला, ते याच रस्त्यावरचे. पुढे रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या भागांबरोबर येथे संगणकाचे भाग विकले जाऊ लागले आणि नव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरातला पहिला संगणक बहुधा याच रस्त्यावर ‘असेंबल’ होऊन टॅक्सीने घरी जाऊ लागला.

तो घेतला जाई अभ्यासासाठी. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि ‘संगणक येत नाही तो मागे पडला’ ही भावना लालबाग-परळच्या चाळींपर्यंत पोहोचली. १९८२ च्या संपानंतर ज्या घरांतील गिरणीची नोकरी कायमची गेली, त्या घरांतील पुढच्या पिढीला ही भावना अधिकच तीव्रतेने जाणवली असल्यास नवल नाही. दहा बाय बाराच्या खोलीत देव्हारा, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये संगणकाला जागा काढली गेली. त्यावर कापडी आच्छादन आले. हप्ते सुरू झाले. आणि वार्षिक परीक्षेत बरे गुण मिळाल्यावर घरातल्या मुलाने पहिली मागणी केली ती गेमची.

येथे त्या घरातील गृहस्थापुढे दोन वाटा होत्या. पदपथावर प्लॅस्टिकच्या पाकिटातील, वर मार्करने नाव लिहिलेली सीडी शंभर-दीडशे रुपयांत मिळे. दुकानात काचेआड ठेवलेला मूळ कंपनीचा खोका त्याच्या कितीतरी पट महाग असे. बहुसंख्यांनी पहिली वाट धरली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि प्रत्येक वस्तीत, प्रत्येक इमारतीत एखादा गृहस्थ असाही होता, की ज्याला चोरीची वस्तू मुलाच्या हाती देणे प्रशस्त वाटले नाही. बँकेतला कर्मचारी असेल, शाळेतला शिक्षक असेल. पगारातले पैसे मोडून त्याने खोका घेतला, पावती घेतली आणि सायंकाळी सारे कुटुंब पडद्यासमोर बसले.

खेळ सुरू झाला नाही!

कारण खोक्याच्या पाठीवर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा इंग्रजी अक्षरांत छापलेले होते. अमुक वेगाचा प्रोसेसर, इतकी मेमरी, डायरेक्ट-एक्सची तमुक आवृत्ती आणि स्वतःची मेमरी असलेले ग्राफिक्स कार्ड. घरातल्या संगणकात पैसे वाचवण्यासाठी मदरबोर्डवरच बसवलेली चित्रव्यवस्था होती. इंटेलच्या ८१० किंवा ८४५ मालिकेतल्या त्या व्यवस्थेला त्रिमिती दृश्यांच्या प्रकाशछायेचे गणित स्वतः करता येत नसे. तो सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडे आणि काही खेळ तर सुरू होण्यासच नकार देत. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर ‘काका, कार्ड टाकावं लागेल’ एवढेच उत्तर मिळे. सीलबंद खोका उघडला म्हणजे तो परत घेतला जात नाही, हा तर अलिखित नियमच. मग इमारतीतला ‘कॉम्प्युटरवाला’ मुलगा बोलावला जाई. तो चहा घेता घेता ड्रायव्हर बदलून पाही, रंगांची संख्या कमी करून पाही आणि पुष्कळदा शेवटी खिशातून तीच पदपथावरची सीडी काढी. ती मात्र चाले.

यात काही जादू नव्हती. मूळ सीडीवर कंपनीने एक कुलूप घातलेले असे. खेळ सुरू करताना प्रत्येक वेळी सीडी ड्राइव्हमध्ये घालावी लागे, संगणक ती अस्सल असल्याची खात्री करून घेई आणि मगच पुढचे दार उघडे. लहान मुलांच्या हाताळणीने सीडीवर चार ओरखडे पडले, की अस्सल मालही नक्कल ठरे. चोरट्या प्रतीतून हे कुलूप आधीच तोडलेले असल्याने तिच्यापुढे ही अडचणच उरत नसे. म्हणजे कुलूप चोरासाठी केलेले, पण अडकला तो मालक. ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याला ओरखडे सांभाळण्याची शिक्षा, आणि ज्याने मोजली नाही त्याचा खेळ बिनदिक्कत. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाने या प्रसंगातून कोणता धडा घेतला असेल? बाबांचा सरळपणा हा भाबडेपणा आहे, हाच. संस्कारांची व्याख्याने देणाऱ्यांनी या छोट्याशा घटनेकडे फारसे लक्ष दिले नाही. चाचेगिरीच्या नावाने ओरड करणाऱ्या कंपन्यांनी तर मुळीच नाही.

यापुढचा अध्याय अधिकच विलक्षण आहे. त्या काळातील अनेक खेळांवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप होते. २००० साली निघालेला, घरोघरी खेळला गेलेला ‘द सिम्स’ हा त्यांपैकीच एक. हे कुलूप विंडोज प्रणालीच्या अगदी गाभ्यात एक लहानसा कार्यक्रम बसवत असे आणि त्या कार्यक्रमात घुसखोरांना उपयोगी पडेल अशी फट होती. परिणामी जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा तिच्यात या कुलपाला थाराच मिळाला नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा-सुधारणेद्वारे विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ या जुन्या आवृत्त्यांतही तो कार्यक्रम बंद करण्यात आला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे रीतसर विकत घेतलेल्या असंख्य सीडी एका रात्रीत मुक्या झाल्या आणि कुलूप तोडलेल्या प्रती पूर्ववत चालत राहिल्या. त्याआधीच्या, नव्वदीच्या दशकातील बालखेळांची गत तर याहून वाईट. त्यांचे इन्स्टॉल करणारे भागच सोळा-बिट पद्धतीचे; चौसष्ट-बिट विंडोज त्यांना ओळखच देत नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ख अन्वये संगणक-कार्यक्रमाची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे; धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंतचा दंड करू शकते. हे कलम अनेकांनी ऐकलेले असते. मात्र त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात, कार्यक्रमाची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे त्याला, ज्या कामासाठी ती दिली गेली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिची प्रत काढण्याची वा तिच्यात जुळवाजुळव करण्याची, तसेच ती नष्ट होण्याच्या भयाने राखीव प्रत ठेवण्याची मुभा दिलेली आहे. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, कंपनी तर सांगणारच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ क ने कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवले. परंतु कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी केलेली कृती त्यातून वगळली. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर स्वतः विकत घेतलेली, पण कालौघात निकामी झालेली सीडी स्वतःच्या घरात चालती करून घेणाऱ्या पालकाला चोर म्हणता येणार नाही, असाच अर्थ निघतो. इंटरनेटवरच्या अनोळखी ठिकाणाहून ‘क्रॅक’ उतरवून घेण्यात विषाणूंचा धोका असतो, तो मात्र वेगळा.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गंमत. खेळ बसवताना पडद्यावर पानेच्या पाने इंग्रजी मजकूर येतो आणि खाली ‘आय अ‍ॅग्री’ असे बटन असते. ते दाबतो कोण? घरातला चौथी-पाचवीतला मुलगा! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करताच येत नाही आणि त्याने केलेला करार मुळातच शून्यवत असतो, हे मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवले आहे. तेव्हा ज्या कागदाच्या बळावर या कंपन्या गिऱ्हाइकाचे हक्क काढून घेतात, त्यावरची सही पुष्कळ घरांत एका बालकाची असते.

आज खोका इतिहासजमा होत चालला आहे. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. स्टीमसारख्या संकेतस्थळावर खाते उघडायचे, रुपयांत पैसे भरायचे, खेळ उतरवून घ्यायचा. त्या खात्याच्या अटींतच स्पष्ट म्हटलेले असते, की खेळ विकलेला नाही, वापरण्याचा परवाना तेवढा दिला आहे. २०१४ मध्ये निघालेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २०२४ च्या वसंतात आपले सर्व्हर बंद करून संपवला. पैसे मोजलेल्यांच्याही हाती काही उरले नाही. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपीय नागरिकांच्या दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या तिने गोळा केल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. मालकी मिळणार नसेल तर तसे स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येणार नाही, असा तो नियम २०२५ च्या आरंभापासून तेथे लागू आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. पैशांच्या जुगारी खेळांना त्याने बंदी घातली, हे उत्तमच झाले. पण मुलाला सरळमार्गाने खेळ घेऊन देणाऱ्या पालकाच्या हक्काचा प्रश्न तेथे नव्हताच.

मागणी अवाजवी नाही. पावतीवर मराठीत लिहावे, की ही विक्री आहे की भाडे. आणि ज्या दिवशी कंपनी आपला आधार काढून घेईल, त्या दिवशी तिने आपले कुलूपही काढून द्यावे. व्यापाराचा पट एकदा घरी आणला की तो फाटेपर्यंत घरचा असे. फासे टाकण्यापूर्वी कोणाची परवानगी मागावी लागत नसे. मोक्षपटाची परंपरा तर थेट ज्ञानेश्वरांशी जोडली जाते आणि तो पट आजही कोणीही कागदावर आखून खेळू शकतो.

जुने बालखेळ आज जे काही जिवंत आहेत, ते कंपन्यांमुळे कमी आणि हौशी मंडळींमुळे अधिक. २००१ मध्ये दोघा संगणकवेड्यांनी ‘स्कमव्हीएम’ नावाचा कार्यक्रम लिहायला घेतला. त्याच्या साहाय्याने ‘पजामा सॅम’ किंवा ‘फ्रेडी फिश’सारखे नव्वदीतले खेळ नव्या यंत्रावर चालतात. पुढे याच खेळांच्या हक्कधारकांनी ते २०१४ मध्ये स्टीमवर पुन्हा विक्रीस काढले, तेव्हा आत हाच फुकटचा कार्यक्रम बसवावा लागला! डॉसच्या काळातील खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश बंद केल्यावर ब्राउझरमधले शेकडो बालखेळ गेले, त्यांच्यासाठी ‘रफल’ आहे. यांपैकी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो लहान नाही. परळच्या मराठी शाळेतल्या मुलाला खेळाच्या पहिल्या पडद्यापासून इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला देखणा खेळ केला, जगभर तो वाखाणला गेला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज मिळाला. पुण्यात जन्मलेल्या खेळाला पुण्याच्या भाषेतला आवाज मात्र मिळाला नाही. बाजाराचे गणित असेल. ते कळते, पटत नाही.

त्याउलट फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला ‘जीकाँप्री’ हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा खेळांचा संच आहे. नावाचा अर्थ ‘मला समजले’. अंक, अक्षरे, घड्याळ, बुद्धिबळ, माउस हाताळण्याचा सराव असे पुष्कळ प्रकार त्यात आहेत. जाहिरात नाही, खाते नाही, ‘आय अ‍ॅग्री’चा जाच नाही. विंडोजवर चालतो, अँड्रॉइडवर चालतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यामुळे अडगळीत गेलेल्या संगणकावर लिनक्स घातले तर तेथेही चालतो. त्याच्या जुन्या आवृत्तीसाठी मराठी उच्चारांचा ध्वनिसंच कोणा स्वयंसेवकांनी करून ठेवलेला होता. २०१४ नंतर हा संच नव्याने लिहिला गेला आणि प्रत्येक भाषेचे काम त्या त्या भाषेच्या लोकांवर सोपवलेले आहे. लागतात ते अंक, रंग, अक्षरे, फळे-प्राणी यांची नावे आणि शाबासकीचे चार शब्द, स्वच्छ आवाजात म्हटलेले. दादर-परळच्या एखाद्या शाळेतील मराठीच्या शिक्षिकेने दिवाळीच्या सुट्टीतल्या काही संध्याकाळी दिल्या, तरी ते होण्यासारखे आहे.