परगावी नेलेली वही

आमच्या पेढ्यांवर गादी-तक्क्याशेजारी संगणक येऊन बसला, त्यास आता बरीच वर्षे झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर, तोवर टाळाटाळ करणाऱ्या पुष्कळांनाही तो घ्यावाच लागला. हिशोब एका यंत्रात ठेवावयाचा आणि पेढीतील चार माणसांनी आपापल्या यंत्रावरून तोच उघडावयाचा, ही व्यवस्था पेढीच्या भिंतींच्या आत उत्तम चालते. अडचण उद्भवते ती माणूस पेढीबाहेर पडला म्हणजे. आणि पांढुर्णा-सौंसरचा व्यापार तर पेढीबाहेरच होतो! संत्र्याचा सौदा बगीच्यात, कापसाचा जिनिंगच्या आवारात. सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइल मुका झाला, की पेढीच्या यंत्राशी दुरून जोडून घेण्याच्या साऱ्या युक्त्या व्यर्थ ठरतात.

यावर तोडगा म्हणून विंडोज २००० या प्रणालीत ‘ऑफलाइन फाइल्स’ ही सोय आली. पेढीच्या यंत्रावरील फाइलची एक नक्कल आपल्या लॅपटॉपमध्ये राहते; संबंध तुटला तरी ती उघडते, तीत लिहिता येते, आणि संबंध पुन्हा जुळला म्हणजे दोन्ही प्रतींचा मेळ यंत्र आपण होऊन घालते. एकाच बाजूस बदल झाला असेल, तर काहीच कटकट नाही. दोन्ही बाजूंस झाला असेल, तर मात्र यंत्र विचारते: कोणती प्रत ठेवू? ही, ती, की दोन्ही?

हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. आम्हांस तो कसा भोवला, ते सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आंबिया बहाराच्या दिवसांत आमचे मुनीम सौंसरकडील एका बगीच्यावर गेले होते. तेथील बागाईतदाराने फवारणीसाठी नेलेल्या उचलीपैकी १५ हजार रुपये त्यांच्या हाती परत केले. मुनीमजींनी कागदावर पावती लिहून दिली आणि लॅपटॉपमधील उचलीच्या तक्त्यात रक्कम जमा केली. त्याच दुपारी पेढीवर दुसऱ्या मुलाने त्याच तक्त्यात तीन नव्या उचली नोंदवल्या. रात्री मुनीमजी थकून आले, लॅपटॉप जोडला, यंत्राने प्रश्न विचारला. त्यांनी भल्या बुद्धीने पेढीची प्रत ठेवावयास सांगितले, कारण पेढीची प्रत तीच खरी, हेच त्यांना आयुष्यभर शिकवले गेले होते. १५ हजारांची जमा त्या क्षणी पुसली गेली.

रोकड तिजोरीत वाढीव निघाली, ती ‘पुढे पाहू’ म्हणून तशीच राहिली. हा दोष सर्वस्वी आमचा. पोळ्याच्या सुमारास आमचा माणूस त्या गृहस्थांकडे तगाद्यास गेला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेढीवर आले, पावती गादीवर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “शेठजी, अक्षर तुमच्याच माणसाचं आहे ना?” आम्ही माफी मागितली, खाते दुरुस्त केले, चहा पाजला. त्या वर्षीचा त्यांचा बगीचा दुसऱ्या व्यापाऱ्याने घेतला.

या सोयीचे मूळ शोधता मनोरंजक माहिती मिळाली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी १९८७ पासून ‘कोडा’ नावाची फाइल-व्यवस्था उभारली, आणि १९९१ साली त्यांनी व जेम्स किस्लर यांनी संबंध तुटला असताना काम कसे चालावे, यावर निबंध सादर केला. आधी लागणाऱ्या फायली जवळ जमवावयाच्या, मग त्यांवर एकट्याने काम करावयाचे, शेवटी परत मिळवणी. पहिल्या अवस्थेस त्यांनी चक्क ‘साठेबाजी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला आहे! आमच्यासारख्यांनी तो उच्चारला तर पुरवठा निरीक्षक दारात उभे राहावयाचे.

तथापि त्या निबंधातील एक गृहीत आपण नीट ध्यानी घ्यावे. एकच फाइल दोन निरनिराळी माणसे पाठोपाठ बदलतात, असे त्यांच्या पाहणीत क्वचितच आढळले. विद्यापीठात ते खरेच असेल. प्राध्यापकाचा लेख प्राध्यापकच लिहितो. परंतु पेढीचे खाते हे मुळात अनेक हातांनी लिहावयाचे असते. पेढीत असताना एकाने तक्ता उघडला की दुसऱ्यास ‘फाइल वापरात आहे’ अशी सूचना मिळते. ते कुलूप पेढीच्या यंत्रावर असते. बगीच्यात ते कुलूपच नसते आणि दोघेही निर्धास्तपणे लिहीत राहतात. हिशोबाच्या सॉफ्टवेअरची मूळ विदा अशा रीतीने नेणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. ॲक्सेससारख्या डेटाबेसच्या फायली विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांनी या सोयीतून मुद्दाम वगळल्या होत्या, त्या उगीच नव्हे.

आमच्या घरातील तरुण म्हणतात, सारे क्लाउडवर ठेवा. ठेवावे, पण रेघ नसलेल्या बगीच्यात क्लाउडचीही नक्कलच उघडते, आणि दोघांनी लिहिले की तेथेही दोन प्रती तयार होतात.

आमच्या आजोबांच्या काळी वसुलीस जाणारा गुमास्ता खात्यांचा उतारा घेऊन जाई. त्यावर तो एक अक्षर लिहीत नसे. आलेगेले सारे वेगळ्या खर्ड्यात, आणि परतल्यावर दिवाणजींसमोर बसून एकेक रक्कम पक्क्या रोजमेळात. पक्की वही पेढीचा उंबरठा ओलांडीत नसे. आम्ही आता हेच संगणकावर करतो. बाहेर जाणाऱ्या लॅपटॉपला मूळ तक्त्यांची केवळ वाचण्यापुरती मुभा आहे. बाहेरच्या नोंदींसाठी प्रत्येकाची स्वतंत्र फाइल, तीवर त्याचे नाव व तारीख. तीत दुसरा कोणी लिहीतच नाही, म्हणून यंत्रालाही प्रश्न पडत नाही. परतल्यावर मुनीमजी पावतीपुस्तक शेजारी ठेवून रकमा चढवतात आणि त्याच रात्री रोकड मोजली जाते.

यात दुप्पट श्रम होतात, ही मुलांची तक्रार खरी आहे. मृग बहाराच्या दिवसांत तर मुनीमजींना रात्रीचे दहा वाजतात. ते चालू द्यावे, असे आमचे मत आहे. त्या सौंसरकडील बागाईतदारांकडे आम्ही यंदा पुन्हा माणूस धाडला होता. बगीचा दाखवला, पाणी दिले, भावाचे मात्र अद्याप काही बोलले नाहीत.