एक जपानी पाटी

जपानला येऊन मला आता दीड वर्ष होत आलं. इथे राहून गेलेला मराठी माणूस दोन विषयांवर हमखास बोलतो. एक शिंकान्सेन आणि दुसरी शिस्त. गाडी किती सेकंद उशिरा आली इथून सुरुवात होते आणि शेवटी "अहो, त्यांच्या रक्तातच आहे ते" या स्टेशनवर येऊन सगळे उतरतात. मीही सुट्टीवर घरी आलो होतो तेव्हा नातेवाइकांच्या घोळक्यात हे वाक्य तीन-चार वेळा टाकलंय आणि वर चिवडा खाल्लाय. फेब्रुवारीतल्या एका वीकांताला डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावर राहून आलो आणि आता ते वाक्य मागे घ्यावं म्हणतो. कारण एक पाटी.

पण आधी शुक्रवारचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं काम म्हणजे एका क्लायंटची जुनी सिस्टीम बंद करून सगळा डेटा नवीन सिस्टीममध्ये हलवणं. जपानी नावांत काही काही अक्षरं अशी असतात की ती नेहमीच्या संचात नसतात. जुन्या घराण्यांची, जुन्या वळणाची. जुन्या सिस्टीममध्ये कुणीतरी ती हाताने बनवून घातलेली असतात. गुरुवारच्या चाचणीत अशी दोनशेच्या वर नावं नवीन सिस्टीममध्ये आली आणि त्या अक्षरांच्या जागी नुसता रिकामा चौकोन. म्हणजे आपल्याकडे एखाद्या देशपांडेंना पत्र गेलं आणि त्यावर 'दे▢पांडे' असं छापलेलं असलं तर कसं वाटेल, तसं. लाखभर नावांत दोनशे. शुक्रवारी संध्याकाळी साप्ताहिक रिपोर्ट जायचा होता. पुण्यातले आमचे मॅनेजर फोनवर म्हणाले, "अरे, सोमवार-मंगळवारपर्यंत निघेल ना ते? मग आत्ताच कशाला घाबरवायचं त्यांना? हिरवं ठेव." मी हिरवं ठेवलं. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवा, आतून लाल.

खरं सांगायचं तर त्यांनी मला काही फार आग्रह करावा लागला नाही.

शनिवारी सकाळी शिंजुकूहून 'अझुसा' पकडली. अडीच तासांत मात्सुमोतो. तिथून दोन डब्यांची छोटी गाडी शिन-शिमाशिमापर्यंत आणि पुढे बस. बस चढत जाते तसतसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा बर्फ माणसाच्या उंचीचा होतो आणि डब्यातली... चुकलो, बसमधली बडबड आपोआप कमी होते. शिराहोने हे गाव नागानो प्रांतात, समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटरवर. गाव म्हणायचं एवढंच, दरीच्या उतारावर चिकटलेल्या थोड्याशा सरायी. शिराहोनेचा शब्दशः अर्थ पांढरं हाड. पूर्वी नाव शिराफुने होतं म्हणतात, म्हणजे पांढरा टब. पाण्यातल्या चुन्याचा थर बसून बसून टब पांढरे होतात म्हणून. तीन दिवस इथे अंघोळ केली की तीन वर्षं सर्दी होत नाही, अशीही एक म्हण आहे. (मला मंगळवारी सर्दी झाली. पण मी एकच दिवस राहिलो होतो, त्यामुळे तक्रार करता येत नाही.)

या सरायीला र्योकान म्हणतात. दारात बूट काढायचे, चटईच्या खोलीत बसायचं, मालकीणबाई गुडघ्यांवर बसून चहा देतात. मग युकाता नावाचा सुती झगा घालायचा. त्यात डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर आली तर तो पोशाख मेलेल्या माणसाचा. मी अर्थात आधी मेलेल्या माणसासारखाच बाहेर आलो आणि मालकीणबाईंनी न हसता मला जिवंत केलं.

अंघोळीचं प्रकरण मात्र आपल्यासारख्याला अवघड जातं. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा, पण आत सगळेच नागडे. हातात एक छोटा पंचा, तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. टबात उतरण्याआधी बाजूला छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची. म्हणजे अंघोळ करून मग अंघोळीला जायचं. पहिली दोन मिनिटं कुठे बघावं कळत नाही. मग बाहेरच्या उघड्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो, पाणी दुधासारखं पांढरं, केसांवर बर्फ पडतोय, गंधकाचा वास येतोय... आणि आपण कुणाकडे बघत नाहीये आणि आपल्याकडेही कुणी बघत नाहीये, हे हळूहळू लक्षात आलं. दीड वर्षात पहिल्यांदा खांदे सैल झाले असतील.

पाटी दिसली ती बाहेर पडताना, कपडे बदलायच्या खोलीत. आपण पुणेरी पाट्यांवर वाढलेली माणसं, भिंतीवर पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाय निघत नाही. तिथे फोन काढायला बंदी, त्यामुळे भाषांतराचं अॅपही नाही. माझं जपानी तिसऱ्या पातळीच्या परीक्षेपुरतं. तरी आकडे आणि ओळखीची अक्षरं जोडत वाचलं. वरच्या भागात पाण्याचं पृथक्करण होतं : झऱ्याचं तापमान, कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, एका किलो पाण्यात किती मिलिग्रॅम. अगदी रक्ताच्या रिपोर्टसारखं. खालच्या भागात चार ओळी. पाणी मिसळतो का : नाही. तापवतो का : होय, हिवाळ्यात झऱ्याचं पाणी अंघोळीला पुरेसं गरम राहत नाही म्हणून. तेच पाणी गाळून पुन्हा फिरवतो का : नाही. अंघोळीची पूड किंवा जंतुनाशक घालतो का : नाही.

दुसरी ओळ वाचून मी चाटच पडलो. म्हणजे ज्या 'निसर्गाच्या कुशीतल्या' पाण्यात मी तासभर डोळे मिटून बसलो होतो ते यांनी बॉयलरवर तापवलं होतं, आणि हे त्यांनी स्वतःच भिंतीवर लिहून लावलं होतं! मनात आलं, बघा, हेच ते. रक्तात आहे यांच्या.

रात्री जेवणानंतर (मीठ लावून भाजलेला डोंगरी ओढ्यातला मासा, रानभाज्या आणि ओळखता न आलेल्या सहा-सात वाट्या) मालकांशी बोलत बसलो होतो. मी तोडक्यामोडक्या जपानीत त्या पाटीची तारीफ केली. म्हातारबुवा हसले नाहीत. म्हणाले, "ती २००४ नंतर लागली." आणि विषय बदलला.

खोलीत येऊन फोनवर शोधलं तर सगळं सापडलं. २००४ च्या जुलैमध्ये एका साप्ताहिकाने बातमी फोडली होती : शिराहोनेच्या सार्वजनिक उघड्या कुंडात आणि काही सरायींमध्ये पाणी पांढरं दिसावं म्हणून बाजारची अंघोळीची पूड मिसळली जात होती. इथलं पाणी झऱ्यातून निघताना नितळ असतं, हवा लागली की पांढरं होतं. मधल्या काळात काही ठिकाणी ते पूर्वीसारखं पांढरं होईना. आणि लोक तर पांढऱ्या पाण्यासाठीच येणार. मग काय, पूड. देशभर बोंब झाली. पाठोपाठ गुन्मा प्रांतातल्या इकाहोसारख्या नावाजलेल्या ठिकाणी काही सरायी नळाचं पाणी तापवून झऱ्याचं म्हणून देत असल्याचं उघड झालं.

माझ्यातल्या इंजिनियरला खरा रस वाटला तो पुढच्या भागात. गरम झऱ्यांचा कायदा जपानमध्ये १९४८ पासून आहे. झऱ्यातून निघताना पाणी किमान २५ अंश असलं, किंवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेसा असला, की त्याला 'ओन्सेन' म्हणता येतं. पाण्यात काय आहे त्याची पाटी लावणं तेव्हापासूनच सक्तीचं. पण हे पृथक्करण झऱ्याच्या पाण्याचं. झऱ्यापासून टबापर्यंत त्या पाण्याचं काय होतं, हे कायदा विचारतच नव्हता. त्यामुळे पाटीवरचा प्रत्येक आकडा खरा ठेवूनही फसवता येत होतं. मग मे २००५ पासून त्या चार ओळी सक्तीच्या झाल्या : मिसळता का, तापवता का, फिरवता का, काही घालता का, आणि करत असाल तर कारण. पुढे २००७ च्या दुरुस्तीने दर दहा वर्षांच्या आत पाणी पुन्हा तपासून घेणंही आलं.

थोडक्यात काय, ती पाटी जपानी रक्तातून आलेली नाही. पकडले गेल्यावर आलेली आहे.

मला यात जपानला खाली ओढायचं नाहीये. उलट, रक्तात आहे म्हटलं की आपली सुटका होते, हे माझं म्हणणं आहे. त्यांच्या रक्तात आहे, आपल्या नाही, चला, चिवडा द्या. रक्त काही बदलता येत नाही. पाटी मात्र कुणालाही लावता येते. आणि रक्ताचंच म्हणाल, तर २०१७ मध्ये कोबे स्टीलने मालाच्या तपासणीचे आकडे फिरवल्याचं कबूल केलं, २०२३ मध्ये दाइहात्सूने गाड्यांच्या सुरक्षा चाचण्यांत गडबड केल्याचं कबूल केलं. तीही जपानी माणसंच. दबाव आला, तारीख जवळ आली की माणूस पांढरी पूड टाकतो. टोकियोत टाकतो, हिंजवडीत टाकतो.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पाट्या आपल्याकडे काय कमी आहेत? लोक वाचत नाहीत, पाळत नाहीत." मुद्दा बरोबर आहे. पण आपल्या पाट्या बघा. येथे थुंकू नये, बेल एकदाच वाजवावी, दुपारी १ ते ४ दुकान बंद. समोरच्याने काय करू नये हेच त्यांवर लिहिलेलं. पाटी लावणारा स्वतः काय करतो हे सांगणारी पाटी मला तरी चटकन आठवत नाही. लहानपणी आजीबरोबर वज्रेश्वरीला गेलो होतो, तिथेही गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी गरम का, तर देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त, असं आजीने सांगितलं होतं. आम्हाला तेवढं पृथक्करण पुरलं. तिचे गुडघे त्या दिवशी खरंच बरे होते, त्यामुळे माझी तक्रार काही नाही.

पाटीची दुसरी गंमत अशी की ती 'प्रामाणिक राहा' असं म्हणत नाही. चार नेमके प्रश्न विचारते आणि होय असेल तर कारण मागते. 'आमचं पाणी शुद्ध आणि नैसर्गिक' असं लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं? पण 'पूड घालता का?' यापुढे 'नाही' लिहायला हात थोडा तरी अडखळतो. आमचा रिपोर्ट विचारतो, काम कसं चाललंय? हिरवं, पिवळं की लाल? या प्रश्नाचं उत्तर हिरवं देताना माझा हात अजिबात अडखळला नव्हता. त्याऐवजी प्रश्न असता, 'चाचणीत सापडलेली पण इथे न लिहिलेली एखादी चूक आहे का?' तर? मॅनेजरचा फोन येऊनही मला 'नाही' लिहिणं जड गेलं असतं. इथे नवीन माणसाला होरेन्सो शिकवतात : कळवा, सांगा, सल्ला घ्या. (होरेन्सो म्हणजे पालकाची भाजीही, म्हणून लक्षात राहतं.) मीही ते ट्रेनिंग घेतलंय, सर्टिफिकेट आहे. पण पालक खा म्हणून सांगणं वेगळं आणि ताटात वाढणं वेगळं.

रविवारी सकाळी न्याहारीला झऱ्याच्या पाण्यात शिजवलेली तांदळाची पेज होती. आजारी पडल्यावर आई करते तशीच, फक्त किंचित गंधकाची चव. निघताना बिलावर अंघोळीचा कर १५० येन वेगळा दाखवला होता. निघण्याआधी पुन्हा एकदा त्याच तापवलेल्या पाण्यात जाऊन बसलो. तापवलंय हे कळल्यामुळे ते काही कमी गरम लागलं नाही.

सोमवारी सकाळी क्लायंटच्या माणसाला भेटून सांगितलं : दोनशे बारा नावं, अक्षरं गळताहेत, गुरुवारी कळलं होतं, शुक्रवारी लिहिलं नाही. ते बराच वेळ यादी बघत राहिले. मग म्हणाले, "यातलं एक आडनाव माझ्या सासऱ्यांचं आहे." एवढंच. ओरडले नाहीत. पण पुढच्या मीटिंगला त्यांनी त्यांच्या दोन माणसांना आमच्या चाचण्या बघायला बसवलं, ते अजून बसतात. काम दोन आठवडे पुढे गेलं. पुण्याच्या मॅनेजरांनी मला विचारलं, "मला न विचारता का सांगितलंस?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी त्यांना सांगायला हवं होतं हे खरंच. अप्रेझल महिन्यावर आलंय आणि माझी फार आशा नाही.

पुढच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये मी खाली चार ओळी वाढवल्या. चाचणीत काय सापडलं, काय अजून दुरुस्त नाही, काय तात्पुरतं चिकटवलंय आणि का. कुणी सांगितलं नव्हतं, सक्तीही नाही. पहिल्या आठवड्यात त्या ओळींवर कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात क्लायंटकडून त्यातल्या तिसऱ्या ओळीवर दोन प्रश्न आले. म्हणजे वाचतात. :)

असो. सांगायचं एवढंच, की पुढच्या वेळी कुणी "त्यांच्या रक्तातच आहे हो" म्हणालं, तर चिवडा जरूर घ्या, पण त्यांना ही पाटीची गोष्टही सांगा.